सोळा महिन्यांचं वेळापत्रक

घड्याळकाकांनी छत्तीस वर्षांत एकही बस उशिरा सोडली नव्हती. ही गोष्ट ते आपणहून कोणाला सांगत नसत; समोरच्याने विचारायला फार वेळ लावला तरच सांगत. बस कंपनीच्या आगारात ते कंट्रोलर होते. कंट्रोलर म्हणजे तो माणूस, ज्याच्या शिट्टीशिवाय गाडीचं चाक हलत नाही आणि ज्याची शिट्टी झाल्यावर खुद्द मालक धावत आला तरी गाडी थांबत नाही. निवृत्त होऊन अठरा वर्षं लोटली, शिट्टी खुंटीला लागली, पण घरातला चहा सहा वाजून पाच मिनिटांनीच व्हायचा. सहा वाजून सात मिनिटांनी आला तरी काका तो पीत, पण अशा चेहऱ्याने की चहालाच अपराधी वाटावं.

या शिस्तीचा पहिला बळी घरातच होता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, स्वतःच्या लग्नाला जेमतेम चार महिने झाले असताना, काकू धाकट्या बहिणीच्या लग्नाला निघाल्या होत्या. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात तुटलेली चप्पल, अशा त्या फाटकातून धावत येताना काकांना अगदी स्वच्छ दिसल्या. काकांनी घड्याळ बघितलं, बायको बघितली, पुन्हा घड्याळ बघितलं आणि शिट्टी वाजवली. पुढची गाडी दोन तासांनी होती. काकू पोचल्या तेव्हा मांडवात खुर्च्यांच्या घड्या घालण्याचं काम चाललं होतं. "अर्धं मिनिट उशीर झाला होता तुला," एवढंच काका त्यावर म्हणाले. काकूंनी ते अर्धं मिनिट नीट जपून ठेवलं आणि पुढची पंचेचाळीस वर्षं गरज पडेल तसं बाहेर काढलं.

तर अशा या माणसाच्या घरी एका सोमवारी पेन्शन फंडाची पुस्तिका आली.

फंडाला भोक पडलंय हे वर्षभर सगळ्यांच्या कानावर येत होतं. फंडाचा व्यवहार तसा साधा. माणूस कामावर असताना त्याच्या पगारातून थोडं कापायचं, तेवढंच कंपनीने घालायचं आणि म्हातारपणी त्या रांजणातून दर महिन्याला तांब्याभर काढून द्यायचं. आता रांजण तळाला लागला होता आणि तांबे घेऊन माणसं उभीच होती. यावर उपाय काय, याचा वाद आगारातल्या निवृत्तांच्या खोलीत रोज रंगायचा. खोली म्हणजे जुनं तिकीटघर, आणि बसायला मोडीत काढलेल्या बसच्या सीटा. माणसंही ओळीने, समोर बघत बसायची, त्यामुळे भांडण झालं तरी तोंडातोंडी होत नसे.

एक म्हणे, नोकरीवर आहेत त्यांची कपात वाढवा. दुसरा म्हणे, निवृत्तीचं वय दोन वर्षं पुढे ढकला. तिसरा लगेच ओरडे, "आणि आमची महागाईवाढ गोठवणार असतील तर मी उपोषणाला बसेन!" त्याला मधुमेह होता, त्यामुळे ही धमकी कोणी मनावर घेत नसे.

"अरे, गाडीत माणसं किती चढणार हे कंपनीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," हळूभाऊ म्हणायचे. हे निवृत्त ड्रायव्हर. आयुष्यभर तीसच्या वर काटा नेला नाही म्हणून हे नाव पडलं होतं, आणि त्यांची नि काकांची दुश्मनीही तेवढीच जुनी. "डिझेल भरायच्या वेळी झोपा काढल्या आणि आता म्हणतात, प्रवासी जड आहेत!"

मग एकदा फंडाचे साहेब स्वतः समजूत घालायला आले. साहेब फार मऊ बोलत. "यात दोष कोणाचाच नाही," ते म्हणाले. "फक्त आपण सगळेजण अपेक्षेपेक्षा जरा जास्त जगता आहात."

सगळ्यांच्या माना हळूच मेस्त्रींकडे वळल्या. वर्कशॉपमधले हे मेस्त्री त्र्याऐंशी वर्षांचे होते. चहात बुडवण्यासाठी उचललेलं बिस्किट त्यांनी मुकाट्याने बशीत परत ठेवलं.

पुस्तिकेत फंड सावरायचा एक नवाच मार्ग होता. नाव एकरकमी योजना. दर महिन्याची पेन्शन सोडून द्या आणि उरलेल्या आयुष्याचे पैसे आत्ताच एकदम घेऊन मोकळे व्हा. उरलेलं आयुष्य किती, तेही पुस्तिकेने पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं: कर्मचाऱ्यांचं सरासरी आयुर्मान, सत्त्याहत्तर वर्षं चार महिने. तिथपर्यंत जेवढे महिने उरले असतील तेवढ्या महिन्यांची पेन्शन, वर प्रोत्साहन म्हणून आठ महिन्यांची जास्त. जे ती वेळ आधीच ओलांडून बसले असतील त्यांना सरसकट बारा महिन्यांची. अर्जावर जोडीदाराचीही सही हवी, कारण माणूस गेल्यावर बायकोला मिळणारी अर्धी पेन्शनही त्याबरोबर बंद होणार होती. मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच.

दुसऱ्या एखाद्या कारखान्यात हा आकडा गेला असता तर लोकांनी नाक मुरडून पुस्तिका रद्दीत टाकली असती. पण ही माणसं बसची होती. तक्ता म्हणजे वेळापत्रक, आणि वेळापत्रकात छापलेली वेळ ही कोणाची इच्छा नसते, हुकूम असतो, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. काका शहात्तर पूर्ण होते. त्यांनी बोटांवर मोजलं. सोळा महिने. त्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण सुटायची वेळ एकदा कळल्यावर माणसाच्या जिवाला जी स्वस्थता येते तीही वाटली.

"सोळा महिन्यांच्या जागी चोवीस महिन्यांचे पैसे देताहेत," त्यांनी निवृत्तांच्या खोलीत उभं राहून सांगितलं. "आठ महिने नफा. यात विचार कसला करायचा?"

"आणि मी?" मेस्त्रींनी भीत भीत विचारलं.

काकांनी त्यांच्याकडे नापसंतीने पाहिलं. "मेस्त्री, तुम्ही जवळजवळ सहा वर्षं लेट आहात. मिळतंय ते घ्या आणि गप्प बसा."

घड्याळकाका वेळेच्या बाबतीत चुकत नाहीत, हे वेदवाक्य. तीन दिवसांत बेचाळीस जणांनी अर्ज भरले. नाही नाही म्हणत हळूभाऊंनीही भरला, अर्थात सगळ्यांत शेवटी. साहेबांनी खूश होऊन यादी करायचं काम काकांवरच सोपवलं, आणि काकांनी सुवाच्य अक्षरात ती केली. पहिला नंबर स्वतःचा. तळाशी एकूण अर्ज त्रेचाळीस. यादी पेटीच्या झाकणावर चिकटवली.

खरं म्हणजे पेटीत अर्ज बेचाळीसच होते. काकांचा स्वतःचा अर्ज घरी होता, कारण त्यावर काकूंची सही झाली नव्हती. होण्याआधीच झाली म्हणून लिहिलेली ही त्यांच्या आयुष्यातली एकमेव नोंद.

"ठेवा तिथे, चष्मा सापडला की करते," काकू सोमवारी म्हणाल्या. मंगळवारी हाताला पीठ लागलेलं होतं. बुधवारी पेन चालेना.

"मला एक सांगा," शेवटी गुरुवारी त्या म्हणाल्या. "तुम्ही सोळा महिन्यांनी जाणार. बरं. मी सत्तर वर्षांची आहे. माझी वेळ त्या तक्त्यात कुठे लिहिलीय?"

"तू कर्मचारी नाहीस," काका म्हणाले.

"तेवढंच बाकी होतं ऐकायचं," काकू म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

इकडे काकांनी आवराआवर सुरू केली होती. चष्म्याच्या दुकानात नव्या काड्यांना दोन वर्षांची हमी आहे असं दुकानदाराने सांगितलं, तेव्हा "आठ महिने फुकट जातील, दीड वर्षाची दाखवा," असं म्हणून त्यांनी त्याला कोड्यात टाकलं. दुखरी दाढ काढायची की नाही, या प्रश्नावर सोळा महिने ढकलता येतील असा निर्णय झाला. नवीन छत्री घेण्याऐवजी जुनीच शिवून आणली. काकू हे सगळं बघत होत्या आणि काही बोलत नव्हत्या. काकूंचं न बोलणं हे काकांना घड्याळाच्या टिकटिकीइतकं सवयीचं होतं, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला निवृत्तांच्या खोलीत शंकानिरसनाचा कार्यक्रम होता. तसं पुस्तिकेच्या मागच्या पानावर छापलं होतं. शंका कोणालाच नव्हती, कारण सगळ्यांच्या शंका काकांनी आधीच फेडल्या होत्या. काकांनाही नव्हती. पण छापलेला कार्यक्रम चुकवायचा म्हणजे काय? ते तीन अठ्ठावीसला जाऊन पहिल्या सीटवर बसले. समोर एक तरुण बाई नकाशासारखं मोठं भेंडोळं उलगडत होत्या. त्या फंडासाठी आयुष्याचं गणित मांडत. कोण किती जगेल, त्याला किती पैसे लागतील, हा हिशेब त्यांचा.

"तुम्ही एकटेच?" बाईंनी विचारलं.

"बाकी सगळ्यांचं काम झालं," काका अभिमानाने म्हणाले. "बेचाळीस अर्ज पेटीत पडले. माझी तुमच्या तक्त्याविषयी एकच तक्रार आहे. आमचे मेस्त्री जवळजवळ सहा वर्षं लेट धावताहेत. अशा गाड्यांची नोंद तुम्ही कुठे करता?"

बाईंना आधी कळेना. कळलं तेव्हा त्या हसायला लागल्या आणि मग एकदम थांबल्या. "काका, तुमचं वय काय?"

"शहात्तर पूर्ण. सोळा महिने राहिले."

"कोणी सांगितलं?"

"तुमच्याच पुस्तिकेने. पान पहिलं."

बाई मटकन शेजारच्या सीटवर बसल्या. "तो आकडा सगळ्यांचा मिळून आहे हो. पंचविसाव्या वर्षी अपघातात गेलेला कंडक्टर त्यात आहे, चाळिशीत आजाराने गेलेला त्यात आहे. तुम्ही त्यांच्यात कुठे आहात? तुम्ही शहात्तर पार केलीत. शहात्तरचा माणूस सरासरीने अजून साडेनऊ वर्षं जगतो. एकतिसाव्या पानावर मी सगळं दिलंय. पहिल्या पानावरच्या आकड्याने कोणाची रक्कम काढू नका, असंही लिहून दिलं होतं. पण एकतिसाव्या पानापर्यंत तुमचे साहेब पोचले नाहीत."

"आणि मेस्त्री?"

"ते अजून सहा वर्षं तरी. मग एकोणनव्वदच्या माणसाला आणखी चार. असं ते पुढे पुढे सरकत जातं."

काकांच्या डोळ्यांपुढे आगारातून सुटलेली खच्चून भरलेली बस आली. अर्धी माणसं पहिल्या तीन स्टॉपवर उतरतात. पण बाजाराच्या पुढेही जो खिडकीला डोकं टेकून बसून राहिलाय, तो मधे उतरत नाही. तो शेवटच्या थांब्याचाच प्रवासी. काल कामाला लागलेला कंडक्टरही हे सांगेल. छत्तीस वर्षं हे रोज डोळ्यांनी पाहिलं आणि ऐन वेळी काखेत कळसा नि गावाला वळसा! सोळा महिन्यांवर आठ महिन्यांचा नफा कसला; एकशे चौदा महिने देऊन चोवीस घेतले होते. स्वतःचे दिले असते तर गोष्ट वेगळी. बेचाळीस जणांना हाताला धरून नेऊन द्यायला लावले होते.

"मग फंडाला भोक पडलं ते आम्ही जास्त जगलो म्हणून नाही?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तुम्ही जेवढं जगायचं तेवढंच जगताय. कंपनीने वीस वर्षं याच पहिल्या पानाच्या आकड्यावर पैसे घातले, म्हणून कमी पडले."

काकांना मेस्त्रींनी बशीत परत ठेवलेलं बिस्किट आठवलं.

अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात एक नियम होता: पेटी आगाराच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत अर्जदाराने स्वतः येऊन अर्ज मागे घेता येईल. पाचला कंपनीची गाडी पेटी घेऊन मुख्य कचेरीकडे निघणार होती. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. काकांनी फोन काढला.

म्हाताऱ्या माणसांना फोन करून घाई करणं म्हणजे काय असतं, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. पहिल्याने तब्येतीची चौकशी केली. दुसऱ्याने "कोण बोलतंय" हे चारदा विचारून "आता घरी कोणी नाही" असं स्वतःच सांगितलं. पण काकांनी प्रत्येकाला एक वाक्य ऐकवलं, आणि ते ऐकून पलीकडचा माणूस दर वेळी गप्प झाला. ते वाक्य होतं, "मी चुकलो." घड्याळकाका चुकले म्हणताहेत म्हणजे कुठेतरी आग लागली आहे असं समजून लोक होते त्या कपड्यांत निघाले. जवळपास राहणारे एकोणीस जण चार चाळीसपर्यंत आले, यादीतलं आपलं नाव खोडून अर्ज परत घेतले आणि बाकीच्यांची वाट बघत तिथेच थांबले. साहेबांचा चेहरा दर अर्जाला थोडा थोडा उतरत गेला. राहिलेले तेवीस कंपनीच्या जुन्या वसाहतीत राहत, आणि ते सगळे नऊ नंबरच्या बसमध्ये बसले होते. नऊ नंबर वीस मिनिटं लेट होती.

"कोण आहे ड्रायव्हर?" काका सवयीने गरजले आणि मग खाली बसले.

चार अठ्ठावन्नला साहेबांनी पेटी उचलून गाडीत ठेवली. गाडीपाशी आत्ताच्या कंट्रोलरबाई उभ्या होत्या, शिट्टी गळ्यात, नजर घड्याळावर. त्यांना काकांनीच तयार केलं होतं.

"पोरी," काका म्हणाले, "अर्धा तास थांबव गाडी."

कंट्रोलरबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं देव्हाऱ्यातल्या देवाने उधार मागावं. "काका, तुमचीच शिकवण आहे. पाच म्हणजे पाच."

"नऊ नंबरमध्ये तेवीस माणसं आहेत. माझ्या सांगण्यावरून म्हातारपण विकून बसलीत."

"आणि त्यांनी ते परत घेतलं तर माझी कपात वाढवावी लागणार, असं साहेब म्हणालेत. दोन पोरं शिकताहेत माझी. तुमच्या तेवीस जणांसाठी माझ्या पगारातून जाणार, आणि गाडी पण मीच थांबवू?"

वर्षभर वाद घातला होता, पण हा प्रश्न कोणी समोरासमोर विचारला नव्हता. सगळे सीटांवर ओळीने बसून एकाच दिशेला बघत होते ना! "तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "तुझ्याकडून घेऊ नका, आमची वाढ दोन वर्षं थांबवा, असं मी उद्या सगळ्यांपुढे सांगेन. भांडण होईल. पण तूही शहात्तरची होशील पोरी. तेव्हा तुला पहिल्या पानावरून मोजलेलं चालेल का?"

एक मिनिट राहिलं होतं. कंट्रोलरबाईंनी शिट्टी तोंडाजवळ नेली, आणि मग खाली घेऊन पेटीच्या झाकणावरची यादी वाचली. त्यांची नजर एकदा काकांकडे गेली आणि एकदा भिंतीकडे. भिंतीवर काकांच्याच काळात रंगवलेली पाटी होती: यादी आणि माल जुळल्याशिवाय गाडी हलणार नाही.

"साहेब, झाकण उघडा. मोजायचे आहेत."

"अहो, आता कशाला?"

"त्रेचाळीसातले एकोणीस खोडले. चोवीस राहिले." त्यांनी अर्ज मोजले, पुन्हा मोजले. "तेवीसच आहेत. एक कमी. नंबर पहिला."

साहेबांनी काकांकडे पाहिलं. काकांना घाम फुटला. आयुष्यात एकदा खोटी नोंद केली आणि ती चारचौघांत उघडी पडली. मग त्यांच्या ध्यानात आलं की देवच पावलाय.

"खोडून टाका त्यांचं नाव," साहेब म्हणाले.

"मी अर्ज मागे घेतलेला नाही," काका घाईघाईने म्हणाले.

"मग आहे कुठे?"

"घरी. बायकोकडे."

"अर्जदार म्हणतोय अर्ज आहे," कंट्रोलरबाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणजे माल यायचाय. आल्याशिवाय गाडी हलणार नाही. कचेरीत तुम्ही साहेब असाल, फाटकाच्या आत शिट्टी माझी आहे. काका, मागवून घ्या."

काकांनी घरी फोन लावला. "अगं, तो माझा अर्ज घेऊन आगारात ये. इथे गाडी खोळंबलीय."

"अगंबाई! आले, आले," पलीकडून काकूंची धांदल ऐकू आली. पंचेचाळीस वर्षांची सवय, दुसरं काय. कपाटाचं दार आपटलं, चपलांचा आवाज झाला. "पाच मिनिटांत येते, धावतच निघते."

"धावू नकोस," काका म्हणाले.

"काय?"

फाटक समोरच होतं. एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात चप्पल घेतलेली पोरगी तिथून धावत येत होती, आणि काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. "धावू नकोस म्हणतोय. हळू ये. अगदी सावकाश. तू आल्याशिवाय गाडी सुटत नाही."

"तुमची तब्येत बरी आहे ना?" काकूंनी विचारलं.

पाच वाजून वीस मिनिटांनी नऊ नंबर आली. दारातून एकेक करत तेवीस म्हातारे उतरले, सगळ्यांत शेवटी मेस्त्री आणि त्यांच्याही मागून हळूभाऊ. "काय कंट्रोलर," हळूभाऊ म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा तुम्ही माझ्यासाठी थांबलात." काकांनी त्यांना मिठी मारली, तेव्हा हळूभाऊ इतके गोंधळले की अर्ज घ्यायचंच विसरणार होते. साहेब फोनवर कोणाला तरी मऊ आवाजात समजावत होते की योजनेला प्रतिसाद चांगला होता, पण आता तो परत गेला आहे.

काकू पाच वाजून चाळीस मिनिटांनी फाटकातून आत आल्या. हळू ये म्हटलं म्हणून त्यांनी वाटेत भाजीही घेतली होती. पिशवी सांभाळत, आजूबाजूला बघत, आगार जणू नव्यानेच बघताहेत अशा त्या चालत होत्या, आणि बेचाळीस माणसं, एक गाडी, एक पेटी, एक साहेब आणि शिट्टी धरलेल्या कंट्रोलरबाई सगळे त्यांची वाट बघत उभे होते. पोचायला त्यांना अर्ध्या मिनिटापेक्षा बराच जास्त वेळ लागला. काकांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

काकूंनी पिशवीतून अर्ज काढून दिला. काकांनी तो उघडला आणि त्यांचा चेहराच बदलला. जोडीदार या रकान्यात काकूंची सही होती, ठळक आणि सरळ.

"ही कधी केलीस?"

"आज दुपारी, तुम्ही बाहेर पडल्यावर," काकू म्हणाल्या. "मला काही पटलं नव्हतं. पण तुम्ही दाढसुद्धा काढेनात. म्हटलं, सोळाच महिने राहिलेत ना, मग या माणसाशी आता कशाला भांडायचं? माझं माझं मी बघेन नंतर."

काका अर्ज हातात धरून तसेच उभे राहिले. बायको नंतरची अख्खी वर्षं, पेन्शन नाही, काही नाही, एका सहीत देऊन बसली होती, आणि ती सुद्धा न भांडता. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"यादीत एक, हातात एक," कंट्रोलरबाई म्हणाल्या. "जुळलं. बोला काका, पेटीत टाकू की नाव खोडू?"

"खोड," काका म्हणाले. मग काकूंकडे वळून म्हणाले, "आपल्याला सोळा महिने नाही गं. साडेनऊ वर्षं आहेत. तिथे पोचलो तर आणखी पुढची. तुझी तर माझ्याहून जास्त. त्या बाईंनी तक्त्यात दाखवलं."

काकूंनी भाजीची पिशवी त्यांच्या हातात दिली. "तर मग उद्या दाढ काढून घ्या," त्या म्हणाल्या आणि फाटकाकडे चालायला लागल्या. थोडं पुढे जाऊन त्यांनी मागे वळून पाहिलं. काका अजून तिथेच उभे होते.

"या सावकाश," काकू म्हणाल्या. "मी थांबते."

कंट्रोलरबाईंनी शिट्टी वाजवली आणि रिकामी पेटी घेऊन गाडी बेचाळीस मिनिटं उशिरा सुटली.